मागच्या बाजूची खाणावळ

दिल्लीच्या द्वारकेत स्वस्त खाणावळ चालणार की नाही, हे हाताच्या चवीवर ठरायच्या आधी आसपासच्या सोसायट्यांची फाटकं कुठल्या रस्त्याला उघडतात त्यावर ठरतं. इथे राहून माझं हे मत पक्कं झालं आहे. आमच्या बाजारातल्या एका खाणावळीची ओढाताण रोज डोळ्यांसमोर दिसते, म्हणून आज त्याबद्दल लिहिते आहे.

ही खाणावळ बाजाराच्या मागच्या अंगाला आहे. पुढच्या बाजूला रस्ता, औषधांचं दुकान, एटीएम, प्रॉपर्टी डीलरांची काचेची ऑफिसं, मोमोवाल्याची गाडी. मागे पार्किंग, जनरेटर आणि पलीकडे एका सोसायटीची उंच भिंत. त्या भिंतीकडे तोंड करून ही चार टेबलांची जागा. मूळ गढवालचं एक जोडपं ती चालवतं. राजमा-चावल, कढी-चावल आणि थाळी, एवढाच पसारा. थाळीत डाळ, दोन भाज्या, चार पोळ्या, भात, रायतं. डाळीला पहाडी जखियाची फोडणी असते. ते दाणे दाताखाली कुरकुरतात, आणि ज्यानं एकदा खाल्ले तो पुन्हा मागतो. पोळी तव्यावरून थेट ताटात येते. नवरात्रात कांदा-लसूण बंद होतो आणि कुट्टूच्या पुऱ्या सुरू होतात. शंभराच्या नोटेत पोट भरतं. या दरात इतकं स्वच्छ, घरचं जेवण आमच्या सेक्टरात दुसरीकडे मिळत नाही.

तरी दुपारी एक वाजता, भर जेवणाच्या वेळी, दोन टेबलं रिकामी असतात.

"ये दुकान किसी को फलती नहीं," असं शेजारचे दुकानदार सांगतात. याच शटरखाली आधी डोसेवाला होता, मग रोल-चाऊमीनवाला, मग केकचं दुकान. प्रत्येक जण अनामत रक्कम आणि साठवणीतले पैसे घालवून गेला. कुणी दाराची दिशा बदलून पाहिली, कुणी नावातली अक्षरं. आता या जोडप्यालाही कुणीतरी वास्तू दाखवून घ्या म्हणून सुचवलं आहे. एकदा त्या बाई माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवताना म्हणाल्या, "दीदी, सच बताना, खाने में कोई कमी है क्या?" तो प्रश्न मला अजून बोचतो. कमी जेवणात नव्हती. पण सगळे जागेला अपशकुनी म्हणतात आणि ती जागा तशी कशानं झाली ते कुणी बघत नाही, तेव्हा चालवणारा माणूस दोष स्वतःच्या हातात शोधायला लागतो.

द्वारका ही आखून वसवलेली वस्ती आहे. दिल्ली विकास प्राधिकरणानं 'पप्पनकलां' या नावानं ती हाती घेतली, सुमारे ५,६०० हेक्टरांवर, दहा लाखांच्या आसपास माणसं राहतील अशा हिशेबानं. सेक्टर पाडले, रुंद रस्ते काढले, सहकारी गृहनिर्माण संस्थांना भूखंड दिले. ३१ डिसेंबर २००५ला मेट्रो इथवर आली आणि लोकांचा ओघ वाढला. बाजारांचीही उतरंड ठरलेली आहे. दिल्लीच्या २०२१च्या बृहत् आराखड्यात सुमारे पाच हजार वस्तीला एक छोटं दुकानसंकुल, दहा हजारांना स्थानिक बाजार, एक लाखाला सामुदायिक केंद्र, पाच लाखांना जिल्हा केंद्र असं गणित मांडलं आहे.

हे गणित डोकी मोजतं. पण माणूस दुकानापर्यंत पोचतो तो रस्त्यानं, आणि आमच्याकडचा रस्ता भिंतींनी अडवला आहे. प्रत्येक संस्थेला चारही बाजूंनी कुंपण, आणि वापरात बहुधा एकच फाटक. आमच्या खाणावळीसमोरच्या सोसायटीत शेकडो घरं आहेत. तिला मागून एक छोटं फाटक आहे, ते खाणावळीच्या अगदी समोर येतं. करोनाच्या काळात त्याला कुलूप लागलं, ते अजून तसंच आहे. वरच्या मजल्यावरच्या माणसाला खिडकीतून खाणावळीची पाटी वाचता येते, पण जेवायला यायचं तर पुढच्या फाटकातून निघून अख्ख्या भिंतीला वळसा घालून, रुंद रस्त्याच्या कडेनं, मे महिन्याच्या उन्हात यावं लागतं. येईल कोण?

महागडं हॉटेल या अडचणीतून सुटतं. तिथे लोक गाडीनं जातात, सेक्टर १४च्या मॉलमध्ये जातात तसे, वीस मिनिटं लागली तरी चालतं. शंभर रुपयांच्या थाळीसाठी कुणी गाडी काढत नाही. ती खाणारे असतात सोसायटीचे रखवालदार, ड्रायव्हर, शिकवणीला आलेली मुलं, पेइंग गेस्ट म्हणून राहणारे नोकरदार, आणि ज्यांची मुलं परदेशी आहेत अशी म्हातारी माणसं. ही सगळी पायी चालणारी. जेवण जितकं स्वस्त, तितकं ते जागेवर अवलंबून. ज्याच्या हाती पैसा कमी त्याला भाड्यामुळे मागची जागा घ्यावी लागते, आणि मागच्या जागेनं सगळ्यात जास्त मार बसतो तो त्यालाच.

साधा हिशेब करून बघा. समजा धान्य, भाजी, गॅस जाऊन एका थाळीमागे तीस रुपये उरले आणि भाडं तीस हजार आहे. नुसतं भाडं निघायला महिन्याला हजार थाळ्या हव्यात. वीज, भांडी घासणारा मुलगा आणि स्वतःचं घर त्यानंतर. घरमालक मात्र भाडं ठरवताना पुढच्या दुकानांकडे बघतो.

फोनवरून मागवायची सोय आहे की, असं लोक म्हणतात. त्या सोयीचं कमिशन शंभराच्या थाळीत बसत नाही. दर वाढवावा तर स्वस्त खाणावळ स्वस्त राहत नाही. हे दुखणं एकट्याचं नाही. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरूनच स्पर्धा आयोगानं एप्रिल २०२२मध्ये या क्षेत्रातल्या बड्या कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला होता.

भाड्याच्या जागेचा एक मोठा धडा दिल्लीनं पाहिलेला आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये मालवीय नगरच्या 'बाबा का ढाबा'चा व्हिडिओ देशभर फिरला. रडणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या टपरीसमोर रांगा लागल्या, मदत आली. त्या बळावर डिसेंबरात त्यांनी रीतसर रेस्तराँ उघडलं. फेब्रुवारी २०२१मध्ये ते बंद झालं आणि दोघं पुन्हा जुन्या टपरीवर आली. महिन्याचा खर्च लाखाच्या घरात आणि विक्री चाळीस हजारांच्या आत, असं बाबांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. नाव तेच, माणसं तीच, देशाची सहानुभूती पाठीशी. तरीही भाड्याच्या जागेचं गणित जमलं नाही. सहानुभूतीवर आठवडाभर रांग लागते, पुढच्या महिन्याचं भाडं रोज त्याच वाटेनं जाणाऱ्या गिऱ्हाइकावरच निघतं.

जागा मुळात अपशकुनी नसते, याचा दाखला आपल्या मुंबईत आहे. तिथले हिंदू व्यापारी कोपऱ्यावरचं दुकान अशुभ मानून टाळत, म्हणून इराण्यांना ते सहज मिळालं, असं सांगितलं जातं. इराण्यांनी त्याच कोपऱ्याला दोन रस्त्यांची दोन दारं केली. दोन्हीकडून उजेड, दोन्हीकडून गिऱ्हाईक. धोबीतलावचं कयानी १९०४पासून उभं आहे. ज्या कोपऱ्याला लोक घाबरत, तिथे गिरणीकामगारानं, कारकुनानं आणि विद्यार्थ्यानं चहा-ब्रून मस्कावर दिवस काढले. तिथे दोन्ही रस्ते वाहते होते, ही खरी गोष्ट. आमच्या खाणावळीसमोरून रस्ता जातच नाही.

द्वारकेतही हे तपासून बघता येतं. सेक्टरांच्या मधोमध जुनी गावं अजून आहेत, बागडोला, पोचनपूर, अंबरहाई. तिथल्या अरुंद गल्ल्यांत, सहज पाटीही दिसणार नाही अशा जागी, खाणावळी भरून वाहतात. गल्ली एकीकडून शिरते, दुसरीकडून निघते, आणि मध्ये कुलूप नाही. जिथे ई-रिक्षा थांबतात तिथला चहावाला कधी रिकामा बसलेला दिसत नाही. सेक्टर १२च्या बाजारात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, कारण मेट्रोतून उतरणारा माणूस तिथूनच घरी जातो. चव सगळीकडे उत्तम असते असं मुळीच नाही.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की या जोडप्याला वास्तुतज्ज्ञाची गरज नाही, त्यांना समोरचं फाटक उघडं हवं आहे. सुरक्षिततेचा मुद्दा मला समजतो. घरफोड्या आम्ही पाहिल्या आहेत. पण सकाळी सात ते रात्री दहा एक रखवालदार त्या फाटकावर बसवला तर त्याचा पगार शेकडो घरांत वाटला जाईल, आणि माणसांची ये-जा असलेली मागची बाजू आजच्या ओसाड मागच्या बाजूपेक्षा सुरक्षितच होईल. म्हाताऱ्या माणसांना औषधाचं दुकान जवळ येईल, कामवाल्या बायकांचा वळसा वाचेल. खाणावळीचं पोट भरेल ते वेगळंच.

हिंजवडी, खराडी, घोडबंदर रस्ता, जिथे जिथे आपण भिंतींच्या वसाहती बांधल्या आहेत तिथल्या वाचकांनाही माझी हीच विनंती आहे. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मागचं फाटक उघडण्याचा ठराव मांडा. आणि तो मंजूर होईपर्यंत, या आठवड्यात एकदा, रविवारी नव्हे तर कामाच्या दिवशी, आपल्या बाजाराच्या मागच्या बाजूला जाऊन जेवा. घरी मागवायचं असेल तर खाणावळीचा नंबर घेऊन थेट त्यांनाच फोन करा, आणि डबा आणायला स्वतः जा.