मागून चढणारा



शाळेत 'क्लाइंबिंग वॉल' हवी, असा अर्ज दहावीच्या काही मुलामुलींनी दिला आहे. मागणी चांगली आहे. पण अशा भिंतीवर जे शिकता येत नाही, त्याविषयी चार ओळी लिहितो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगणा आहे. तेथील सेनन गावाजवळचे ग्रॅनाइटचे समुद्रकडे अगदी लहान, वीस-पंचवीस मीटरचे. आपला सात मजली राजवाडा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल. मात्र तेथे कातळात भोक पाडून कायमचा बोल्ट ठोकणे आरोहकांना मान्य नाही. पुढे चढणाऱ्याने स्वतः फट शोधायची, तिच्यात धातूची पाचर अडकवायची, तिला दोर जोडायचा आणि वर सरकायचे. पूर्वी फटीत दगडगोटे अडकवीत, पुढे यंत्रांच्या नटांत दोरी ओवून तेच वापरू लागले. १९७८ साली स्प्रिंगने फाकणारी 'फ्रेंड्स' नावाची उपकरणे बाजारात आली.

पुढचा वर पोचला की दोर धरून बसतो आणि मागून दुसरा चढतो. वाटेतल्या सगळ्या पाचरा काढून आणणे हे त्याचे काम. नवशिक्याला आधी हेच देतात, आणि मला या खेळातले सर्वांत मोलाचे हेच वाटते. काढताना हाताला कळते, ही घट्ट बसली होती, ही नुसती टेकली होती. अशा कित्येक पाचरा काढल्यावर पुढे जाण्याची पाळी येते. आपल्याकडे मात्र पहिल्याच दिवशी आपले मूल पुढे हवे, आणि वाटेवर गाइड, नोट्स, शिकवणी यांचे बोल्ट आधीच ठोकलेले हवेत!

बोल्ट असते तर धोका कमी झाला असता, असे पालक म्हणतील. काही अंशी खरे आहे. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत बोल्ट कातळाच्या आत गंजतो आणि बाहेरून ठीक दिसत राहतो. शिवाय बोल्ट दिसला की चढणारा कातळ नीट पाहतच नाही. हा खेळ निर्धोक आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही, जाणती माणसेही यात दगावली आहेत. म्हणूनच भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहणे आणि लाटा मोठ्या असतील तर कड्याला हात न लावता घरी जाणे, हेही तेथे कसबातच मोडते. वेल्समधील पेम्ब्रोकशायरचे काही कडे तर समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या काळात बंदच असतात.

आपली भिंत झाली तर तिच्यावर पकडी व बोल्ट तयारच असतील, आणि एवढ्या मुलांसाठी तेच योग्य. फक्त क्रीडाशिक्षकांना एक सांगून ठेवले आहे: शेजारी एखादा तडे गेलेला मोठा दगड आणून ठेवावा. मुलांनी जमिनीवर उभे राहूनच त्यात पाचरा बसवाव्यात आणि एकमेकांच्या काढाव्यात. कुणाची निघता निघत नाही, कुणाची बोट लावताच हातात येते, ते त्यांचे त्यांना पाहू द्यावे.