उमेदवाराची लायकी कोणत्या मापानें मोजावी?

नगरपरिषदेची निवडणूक जवळ आली म्हणजे ज्यांनीं पांच वर्षांत आपल्या आळीकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं, असे गृहस्थ हात जोडून उंबरठ्याशीं उभे राहतात. मतदारही त्यांस चहा देतो, त्यांच्या आजोबांची ओळख काढतो, आणि "आपण कांहीं परके नाहीं" असें म्हणून निरोप देतो. या सगळ्या संभाषणांत गांवच्या पाण्याचा, गटारांचा, कराचा किंवा बाजाराचा एक शब्दही निघत नाहीं. हाच व्यापारी आपल्या पेढीवर नवा दिवाणजी ठेवतांना त्यास जमाखर्च येतो कीं नाहीं, पूर्वीची नोकरी कां सुटली, हात स्वच्छ आहे कीं नाहीं, याची दहा ठिकाणीं चौकशी करतो. पेढीच्या तिजोरीविषयीं इतका दक्ष असणारा मनुष्य गांवच्या तिजोरीविषयीं इतका उदार कसा होतो, हें कोडें आम्हांस अजून उलगडलेलें नाहीं.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानें स्थानिक स्वराज्याकडे लोकांच्या राजकीय शिक्षणाचें साधन म्हणून पाहिलें होतें. स्वतंत्र भारतानें त्याच्या पुढें जाऊन त्यास हक्काचें रूप दिलें. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजीं अमलांत आली, आणि नगरसंस्थांची मुदत पांच वर्षांची असून ती संपण्यापूर्वीं निवडणूक झाली पाहिजे, असें बंधन घटनेनेंच घातलें. असें असूनही महाराष्ट्रांतील बऱ्याच नगरपरिषदांचा कारभार २०२२ च्या सुमारापासून प्रशासकांच्या हातीं राहिला, आणि ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिल्यावर त्या वर्षाच्या डिसेंबरांत मतदान झालें. जो हक्क परत मिळण्यास न्यायालयाचा आदेश व्हावा लागला, तो एका जेवणावळीवर किंवा जातभाईच्या शब्दावर देऊन टाकणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय.

कायदा उमेदवाराकडे काय मागतो? वयाचीं एकवीस वर्षें पुरीं झालेलीं असावींत. नांव मतदारयादींत असावें. नगरपरिषदेच्या ठेक्यांत त्याचा स्वार्थ गुंतलेला नसावा. रीतसर मागणी होऊनही नगरपरिषदेचें देणें थकविलेलें नसावें. निवडून आल्यावर बेकायदेशीर बांधकाम सिद्ध झालें तर १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाप्रमाणें पदही जाऊं शकतें. शिवाय उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण व त्याच्यावरील फौजदारी खटले जाणण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें २००२ व २००३ च्या निर्णयांनीं मान्य केला, आणि स्थानिक निवडणुकांतही अशीं प्रतिज्ञापत्रें द्यावीं लागतात. तीं वाचण्याची तसदी प्रत्येक मतदारानें घ्यावी, हें उघडच आहे. परंतु तीं वाचूनही एवढेंच कळतें कीं अमुक मनुष्य अपात्र नाहीं. अपात्र नसणें आणि पात्र असणें यांत मोठें अंतर आहे. पहिली गोष्ट निवडणूक अधिकारी तपासतो. दुसरी तपासण्याचें काम मतदारावरच सोपविलेलें आहे.

कित्येक सुशिक्षित मित्र म्हणतात कीं, यावर उपाय सोपा आहे: उमेदवारास शाळेच्या परीक्षेची अट घालावी. हा प्रयोग इतरत्र होऊन चुकला आहे. हरियाणानें २०१५ सालीं पंचायतीच्या उमेदवारांस शिक्षणाची अट घातली आणि त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ती वैध ठरविली. राजस्थाननेंही तशी अट आणली होती. ती २०१९ मध्यें त्या राज्यानें स्वतःच काढून टाकली. वैध असणें आणि शहाणपणाचें असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्या बाईस शाळा मिळाली नाहीं, तिला शाळा न मिळाल्याचा दंड दुसऱ्यांदा कां व्हावा? महात्मा जोतीराव फुले यांजजवळ विश्वविद्यालयाची पदवी नव्हती. तरी १८७६ पासून पुणें नगरपालिकेचे सभासद असतां त्यांनीं शहरांत दारूचीं दुकानें वाढविण्यास विरोध केला, आणि बड्या पाहुण्याच्या स्वागतावर होणारा खर्च गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असा आग्रह धरला. पैसा कोणाचा आणि तो कोणाकरितां खर्चावा, हें त्यांस कळत होतें. आमच्या मतें उमेदवाराची पहिली परीक्षा हीच.

म्हणून त्याच्यापुढें प्रथम नगरपरिषदेचें अंदाजपत्रक ठेवावें. नगरपरिषदांची जकात १९९९ सालीं उठली. तेव्हांपासून बहुतेक नगरें जकातीच्या बदल्यांत मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर आणि घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीवर चाललीं आहेत. जकातनाक्यावरील खोळंबा गेला याचा व्यापाऱ्यांस आनंद झाला, तो योग्यच होता. परंतु गांवच्या उत्पन्नाची किल्ली त्याबरोबर मुंबईस गेली, हेंही विसरूं नये. अशा स्थितींत जो उमेदवार "घरपट्टी निम्मी करूं, पाणी दुप्पट देऊं" असें म्हणतो, त्यास तूट कोठून भरणार, हा साधा प्रश्न विचारावा. गावांत थकबाकी कोणाकडे आहे, आणि ती लहान घरवाल्यांकडे आहे कीं मोठ्या इमारतींकडे, हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याचें वचन म्हणजे दुसऱ्याच्या नांवावर लिहिलेली हुंडी होय.

दुसरा प्रश्न पाण्याचा. भुयारी गटारें असलेल्या नगरांस दरडोई दररोज १३५ लिटर पाणी असावें, हें केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेंतील प्रमाण आहे. आपल्या प्रभागांत प्रत्यक्ष किती पोंचतें, गळतींत किती जातें, शेवटच्या गल्लीचा नळ कोणत्या प्रहरीं सुटतो, हें उमेदवारानें सांगावें. तिसरा प्रश्न बाजाराचा, आणि तो आमच्या व्यापारी वाचकांस नाजूक वाटेल. दुकानदारास रस्ता मोकळा हवा, फेरीवाल्यास पोट भरण्यापुरती जागा हवी. २०१४ च्या कायद्यानें यासाठीं नगर पथविक्रेता समिति सांगितली असून तींत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांतून आलेले असावेत, असा नियम आहे. सकाळीं दुकानदारांच्या सभेंत फेरीवाले हटविण्याचें आणि सायंकाळीं फेरीवाल्यांच्या वस्तींत त्यांस अभय देण्याचें वचन जो देतो, त्यास मतच नाहीं असें समजावें. जें मत दोन्ही ठिकाणीं सारखें सांगतां येतें, तेंच मत.

परंतु चांगलें मत असणें एवढ्यानेंही भागत नाहीं. महाडचा इतिहास प्रत्येक मतदारानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे, असा रा. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ सालीं मुंबई कायदेकौन्सिलांत संमत झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें १९२४ मध्यें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. ठराव उत्तम होता; पण तीन वर्षें तो दप्तरांतच राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर यांस सहस्रावधि लोकांसह जाऊन तें पाणी प्यावें लागलें. पुढें ऑगस्ट १९२७ मध्यें त्याच नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला! अखेर १९३७ सालीं मुंबई हायकोर्टानें निकाल दिला, तेव्हां हा वाद मिटला. ठराव करणारेही नगरपालिकेचे सभासदच आणि तो फिरविणारेही सभासदच. यास्तव उमेदवारास "आपलें मत काय?" असें विचारून थांबूं नये, "विरोध झाला तर आपण त्या मतावर राहाल काय, आणि पहिल्या वर्षीं त्यासाठीं काय कराल?" हेंही विचारावें.

येथें आणखी एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें प्राप्त आहे. महाराष्ट्रानें २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखल्या, ही अभिमानाची गोष्ट होय. पण कित्येक ठिकाणीं फलकावर बाईंचें नांव, आणि सभेंत उत्तर देण्यास यजमान, असा देखावा दिसतो. मतदारांनीं प्रश्न बाईंनाच विचारावे व उत्तर त्यांच्याच तोंडून ऐकावें. त्यांस चार वाक्यें अडखळत बोलावीं लागलीं तरी चालेल. जो गृहस्थ मध्येंच बोलूं लागेल, त्यास "उमेदवार आपण नाहीं" असें नम्रपणें सुचवावें. तसें सुचविणें हा बाईंचा अपमान नसून सन्मान आहे.

कोणी म्हणेल, "आम्ही पक्षाचे, पक्षाचें धोरण तेंच आमचें." पक्ष असूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु १९८६ च्या कायद्याप्रमाणें पक्षादेश मोडणाऱ्या सभासदाचें पद जाऊं शकतें. म्हणजे निवडून आल्यावर त्याचे हात बहुधा बांधलेले राहणार. ज्याचे हात पुढें बांधले जाणार आहेत, त्याच्याकडून आधींच शब्द घेणें अधिक अगत्याचें नाहीं काय? मुंबईंत ठरलेलें धोरण आपल्या गांवच्या नाल्यास कसें लागू पडतें, एवढें तरी त्यानें सांगितलेंच पाहिजे. नगराध्यक्ष थेट मतदारांनीं निवडावा हा नियम २०१६ सालीं आला, २०२० मध्यें गेला, २०२२ मध्यें पुनः आला. नियम असे फिरत राहतील. मतदाराचा प्रश्न मात्र कायम असावा.

आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक आळींतील पांच-सात जाणत्या स्त्री-पुरुषांनीं एकत्र बसून कर, पाणी, कचरा, बाजार आणि ठेके या विषयांवर एक-एक प्रश्न लिहून काढावा. सर्व उमेदवारांस तेच प्रश्न एकाच सभेंत विचारावे आणि उत्तरें त्यांच्या सहीनिशीं घ्यावींत. उत्तर देण्यास जो येणार नाहीं, त्याचें नांवही लिहून ठेवावें. मग दरवर्षीं अंदाजपत्रक मांडलें जाईल त्या वेळीं तो कागद पुढें घेऊन आपल्या प्रतिनिधीस हिशेब विचारावा. व्यापाऱ्यांनीं एक पथ्य अधिक पाळावें: कोणीही आलें तरी नाराज नको, म्हणून सर्वच उमेदवारांस वर्गणी देण्याची चाल त्यांनीं सोडावी. त्या वर्गणीची वसुली पुढें ठेक्यांतून होते, आणि रस्त्यावरचा खड्डा दुकानापुढेंच पडतो.