आधी हिशोब, मग हात

पावसाळा तोंडावर आला की मुंबई बंदरात नांगरून ठेवलेल्या शिडाच्या होड्या बाहेर काढायची लगबग सुरू होते. होडी किनाऱ्यावर येते, शिडे उतरतात आणि मग डोलकाठीची पाळी येते. ‘अॅल्युमिनियमचीच तर आहे, चौघे पुरेत,’ असे कुणीतरी म्हणतो. चौघे खांदा लावतात, काठी उचलली जाते, दहा पावले बरी जातात. मग ओल्या उतारावर एकाचा पाय खाली जातो आणि त्याच्या वाट्याचे ओझे न सांगता शेजाऱ्याच्या कमरेवर येते. या साऱ्यात एक प्रश्न विचारलाच गेलेला नसतो : हिचे वजन किती?

वजनाच्या बाबतीत डोळा मुळीच भरवशाचा नाही. सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंपैकी मोठी वस्तू हातात हलकी वाटते, हे फ्रेंच वैद्यक ऑगस्टिन शार्पांतिए यांनी १८९१ मध्येच दाखवून दिले होते. वस्तूला हात लागण्याआधीच तिचा आकार आणि ती कशाची आहे हे पाहून मेंदू किती जोर लावायचा ते ठरवून टाकतो. अंदाज चुकला की शरीराला ऐनवेळी सावरावे लागते, आणि कमरेला हिसका बसतो तो नेमका त्या क्षणी. अॅल्युमिनियम म्हणजे हलके, हा समज इथे घात करतो. लोखंडाच्या तुलनेत ते हलके आहेच. पण बारा मीटर लांबीची कुठलीच नळी हलकी नसते.

खरे तर हिशोब पाच मिनिटांचा आहे. शिंप्याची टेप काठीभोवती गुंडाळून घेर मोजायचा. पत्र्याची जाडी बुंध्याशी किंवा दोर बाहेर येण्यासाठी कापलेल्या खाचेत मोजता येते. नऊ-दहा मीटर लांबीच्या होडीवरची एक काठी उदाहरणादाखल घेऊ : घेर ४० सेंटिमीटर, जाडी ३ मिलिमीटर. घेर गुणिले जाडी म्हणजे १२ चौरस सेंटिमीटर धातू. एक मीटर लांबीत तो १,२०० घन सेंटिमीटर भरतो. अॅल्युमिनियमची घनता २.७, म्हणून मीटरला सव्वातीन किलो. काठी १२ मीटरची असेल तर ३९ किलो, आणि शीड सरकवण्याची खाच धरून ४२. जाडी मात्र नीट मोजावी. ३ च्या जागी ४ मिलिमीटर निघाली, तर नळीचे वजन एकदम तिसऱ्या हिश्श्याने वाढते.

बहुतेकांचा हिशोब इथेच थांबतो आणि फसतो, कारण उचलायची असते ती नुसती नळी नव्हे. काठीला उभे धरणाऱ्या पोलादी तारा बहुधा तिलाच गुंडाळून बांधलेल्या असतात. सहा मिलिमीटर जाडीची तार मीटरला साधारण १८० ग्रॅम भरते. पुढची, मागची आणि दोन्ही बाजूंच्या तारा मिळून ७० मीटर झाल्या की १३ किलो वाढले. त्यात तारा ताणण्याचे पेच, बाजूच्या आडव्या दांड्या, शेंड्यावरच्या कप्प्या, दिवे, रेडिओची अँटेना, नळीच्या आतून गेलेली वायर, शीड चढवायचे दोर आणि पुढचे शीड गुंडाळण्याची यंत्रणा यांचे मिळून वीसेक किलो मिळवा. आकडा ७५ वर जातो. रिकाम्या नळीच्या जवळजवळ दुप्पट!

छोट्या होडीवरच्या अनुभवावरून मोठ्या होडीचा अंदाज बांधणे हीदेखील नेहमीची चूक. काठी लांबीला दुप्पट झाली की तिचा घेर आणि जाडीही वाढते. प्रत्येक माप दुप्पट केले तर वजन दुप्पट नव्हे, आठपट होते : ७५ चे ६००. गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या ‘तारिणी’ची डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच आहे, तिथे हातांचा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्या लाकडी काठीची तऱ्हा वेगळी. सरासरी १५ सेंटिमीटर व्यासाची, आठ मीटर लांबीची भरीव सागवानी काठी ९० किलोच्या घरात जाते, आणि पाणी प्यायलेले लाकूड त्याहूनही जड.

अंदाजावर विश्वास नसेल तर घरातला वजनकाटा आहेच. दोन काटे सपाट जमिनीवर ठेवून एकावर बुंधा आणि दुसऱ्यावर शेंडा टेकवायचा. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे काठीचे वजन. एकच काटा असेल, तर दुसऱ्या टोकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवून आलटून पालटून मोजले तरी चालते. याचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. समजा बुंध्याकडे ४१ आणि शेंड्याकडे ३४ किलो भरले. मग काठीचा तोल बुंध्यापासून ५.४ मीटरवर आहे, मध्यावर नाही. (शेंड्याकडचे वजन गुणिले लांबी, भागिले एकूण वजन.) तिथे खडूची खूण करून ठेवावी. क्रेनचा पट्टा या खुणेच्या वर बांधला तर काठी बुंधा खाली ठेवून लटकते. खाली बांधला तर ती हवेत उलटू पाहते, आणि त्या वेळी खाली कोण उभे आहे यावर सारे अवलंबून राहते.

आता माणसाकडे वळू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो होती. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेचे १९९१ चे सूत्र याहून बरेच कडक आहे. ओझे अंगालगत, पकड चांगली, कंबर वळवायची नाही, सगळे अनुकूल असेल तर २३ किलो; यातले काही बिघडले की मर्यादा खाली येते. हा दुसरा आकडाच धरणे शहाणपणाचे. कमरेच्या मणक्यामागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर काम करतात. वीस किलोचे ओझे हात लांब करून ५० सेंटिमीटरवर धरले, तर तरफेच्या नियमाने त्या स्नायूंना दोनशे किलोइतका ताण द्यावा लागतो. मणक्यांमधल्या चकतीला तो सोसावा लागतो.

७५ किलो चौघांत वाटले तर प्रत्येकी १९, म्हणजे मर्यादेच्या आत. कागदावर! प्रत्यक्षात काठी ताठ असते आणि माणसांची उंची सारखी नसते. उंच माणसाच्या खांद्यावर जास्त येते, बुटक्याच्या खांद्याला कधी कधी ती टेकतही नाही. जमीन उंचसखल असेल तर क्षणभर दोघांवरच सारा भार येऊ शकतो. म्हणून चौघांचे काम सहा जणांनी करावे, उंचीप्रमाणे जोड्या लावाव्यात आणि हुकूम एकानेच द्यावा. त्याआधी तारा व दोर सोडून वेगळे नेले, तर वीस-पंचवीस किलो तिथेच कमी होतात. हा सोपा उपाय घाईत सर्वात आधी विसरला जातो.

काठी बुंध्याशी बिजागरीवर बसवलेली असेल तर ती उभी करताना वेगळाच हिशोब लागतो. आडव्या काठीच्या शेंड्याला दोर बांधून होडीच्या नाळेकडून ओढायचा, ही सर्रास पद्धत. दोराची रेषा बिजागरीपासून एखाद्या मीटरच्या अंतरावरूनच जात असेल, तर ७५ किलोची काठी नुसती हलवण्यासाठी दोरात ४५० किलोंचा ताण लागतो. बिजागरीजवळ तीन मीटरचा टेकू उभा करून दोर त्याच्या टोकावरून घेतला, तर तोच ताण १५५ किलोंवर येतो. म्हणजे इथे तुटणारी वस्तू काठी नसते. दोर, कडी किंवा विंच असते, आणि ताणलेला दोर तुटला की त्याचे टोक चाबकासारखे उलटते. शेंडा दोन-तीन मीटर वर येईपर्यंतचा काळ सर्वात धोक्याचा. काठी वर जाईल तसतसा ताण कमी होतो आणि लोक निर्धास्त होतात, ते मात्र योग्य नाही.

वजनाशी संबंध नसलेली पण याच कामातली एक गोष्ट : वर पाहणे. बोअरवेलमधला पाइप काढताना तो वरून जाणाऱ्या वीजतारेला लागून शेतकरी दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. अॅल्युमिनियमची काठीही तितकीच चांगली वीजवाहक असते, आणि कार्बन तंतूंची काठीसुद्धा. काठी उभी ठेवून ट्रॉलीवरून होडी नेणारे ही गोष्ट हमखास विसरतात.

एकदा काढलेले वजन आणि तोलाची जागा बुंध्यावर न पुसल्या जाणाऱ्या रंगाने लिहून ठेवण्याची सक्ती प्रत्येक नौकानयन क्लबने करायला काहीच हरकत नाही. खर्च रंगाच्या एका डबीचा. नवी अँटेना, नवा रडार किंवा जाड तारा बसवल्या की तो आकडा खोडून पुन्हा वजन करायचे. शेंड्यावर वाढवलेले पाच किलो तोलाची खूण तीसचाळीस सेंटिमीटरने वर सरकवतात.