अभिप्रेत वाचक आणि न झोपणारा लॅपटॉप

लिनक्सवर चालणारा लॅपटॉप झाकण मिटल्यावर नीट झोपत नाही, आणि झोपलाच तर नीट उठत नाही, ही तक्रार वीस वर्षांहून जुनी आहे. तिच्यावरचा ठरलेला अभिप्राय असा की, फुकट मिळालेल्या प्रणालीकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. हा अभिप्राय मला मान्य नाही; आणि तो का मान्य होऊ नये हे तंत्रज्ञापेक्षा साहित्याच्या विद्यार्थ्याला लवकर पटावे. कारण हा प्रश्न मुळात संहिता आणि वाचक यांच्या नात्याचा आहे.

प्रथम संहितेविषयी. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. त्यापूर्वीच्या एपीएम व्यवस्थेत यंत्राला कसे निजवायचे हे बहुतांशी बायॉस पाहत असे. एसीपीआयने तो अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमकडे दिला. पण एखाद्या विशिष्ट यंत्रातला पंखा कसा चालतो, बॅटरी कशी मोजायची, झाकण मिटल्याचे कसे कळते, हे सिस्टीमला कळावे कुठून? म्हणून प्रत्येक उत्पादक फर्मवेअरमध्ये ‘डीएसडीटी’ नावाचा एक तक्ता ठेवतो. तक्ता हे नाव फसवे आहे. तो एका खास भाषेत लिहिलेला प्रोग्रॅमच असतो, आणि कर्नेलमधला दुभाष्या तो वाचत वाचत अमलात आणतो. निद्रेच्या पायऱ्याही मानकात ठरवून दिलेल्या आहेत. त्यांतली एस३ म्हणजे केवळ रॅमला वीज चालू ठेवून बाकी सारे थांबवणे; एस४ म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून वीज पूर्ण बंद करणे. (मांडूक्योपनिषदातल्या चार अवस्थांशी तुलना करण्याचा मोह होतो, पण तुरीयेला इथे प्रतिशब्द नाही.)

वोल्फगांग इझरने १९७२ साली ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना मांडली तेव्हा त्याच्यासमोर कादंबऱ्या होत्या. डीएसडीटीमध्ये मात्र हा अभिप्रेत वाचक अक्षरशः नावानिशी लिहिलेला सापडतो. मानकात एक सोय आहे: फर्मवेअर सिस्टीमला विचारू शकते की तू अमुक आहेस काय. प्रत्यक्षात विचारले जाते ते ‘विंडोज २००१’ आहेस का, म्हणजे एक्सपी. ‘विंडोज २००६’ आहेस का, म्हणजे व्हिस्टा. उत्तर नकारार्थी आले तर संहिता दुसऱ्या वाटेने जाते, आणि ती वाट उत्पादकाने बहुधा कधी चालून पाहिलेली नसते. तेव्हा लिनक्स काय करतो? तो प्रत्येक विंडोजच्या नावाला ‘होय’ म्हणतो. उलट ‘तू लिनक्स आहेस का’ या प्रश्नाला २००७ पासून, २.६.२३ या आवृत्तीपासून, तो सामान्यतः ‘नाही’ म्हणतो. कारण त्या नावाखाली लिहिलेल्या ओळी क्वचितच तपासलेल्या असत, आणि जो कर्नेल काही महिन्यांनी बदलतो त्याचे एकच एक नाव घेऊन काय वचन देणार? खरे ऐकायला मिळावे म्हणून आपले नाव नाकारणारा हा वाचक मला अप्रामाणिक वाटत नाही. सहृदयाची जागा एकालाच राखून ठेवलेली असेल, तर दुसऱ्याने वेश पालटून आत शिरण्यात गैर काय?

हे योगायोगाने घडले असे म्हणता येते काय? बिल गेट्स यांचा जानेवारी १९९९ चा एक अंतर्गत ईमेल अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खटल्यात पुढे उघड झाला. एसीपीआयमधली भर कशीतरी विंडोजपुरती राखता येईल का, असा विचार त्यात आहे. आपण केलेल्या श्रमावर लिनक्स आयता उत्तम चालू लागावा ही गोष्ट त्यांना खेदाची वाटते. पण त्या विचाराची अंमलबजावणी झाली असे मानण्याची गरजच पडत नाही. उत्पादकाने एकाच सिस्टीमवर चाचणी घेऊन माल बाजारात पाठवला की तेच साधते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर जी अशुद्धे खपवून घेई, ती इंटेलच्या कंपायलरला खपत नसत. पण विंडोजवर काम भागल्यावर ती दुरुस्त कोण करणार? प्रत्येक कर्नेलवर चाचणी घेणे उत्पादकाला परवडत नाही हे मान्य. मग ‘मानक सर्वांसाठी खुले आहे’ ही शेखीही मिरवू नये.

वापरणाऱ्यांनी यावर जे केले ते पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना ओळखीचे वाटेल. ते यंत्रातून डीएसडीटी बाहेर काढत, तिचा वाचनीय पाठ सिद्ध करत, अशुद्धे दुरुस्त करत आणि कर्नेलला मूळ प्रतीऐवजी ही शोधित प्रत वाचायला लावत. भांडारकर संस्थेतल्या पंडितांना निदान अनेक हस्तलिखिते तरी ताडून पाहता येत होती! इथे एकच प्रत, तीही सदोष. पडद्याचे दुखणे वेगळे होते. एस३ मधून उठताना ग्राफिक्स कार्ड पुन्हा जागे करणे हे बायॉसवर बंधनकारक नव्हते. विंडोजचे ड्रायव्हर ते स्वतः करत. लिनक्सवर यंत्र उठून बसलेले असे, पडदा मात्र काळाच. कोणत्या मॉडेलला कोणती युक्ती लागू पडते याच्या याद्या तेव्हा तयार झाल्या. २००९ पासून पडद्याची मांडणी कर्नेलच्या ताब्यात येत गेली, तसतशी त्या याद्यांची गरज ओसरली.

या साऱ्यात एक गोष्ट मला विशेष हृद्य वाटते. उठताना यंत्र मध्येच गोठले, तर ते कुठे गोठले हे कळायचे कसे? पडदा नाही, डिस्क नाही, आणि पुन्हा सुरू करावे तर रॅम पुसली जाते. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००६ मध्ये काढलेली तोड अशी: यंत्रातले घड्याळ तेवढे टिकते, म्हणून कर्नेल प्रत्येक पायरीची खूण तारीख-वेळेच्या रूपाने त्या घड्याळात लिहितो. यंत्र ताबडतोब, म्हणजे काही मिनिटांच्या आत, पुन्हा सुरू करून ती खूण उलगडायची. तारीख अर्थात पार बिघडलेली असते. त्या बिघडलेल्या तारखेतच गोठण्याचे स्थळ लिहिलेले असते.

आता प्रश्नाचे रूप पालटले आहे. अनेक नव्या लॅपटॉपांत एस३ उरलेलीच नाही. तिच्या जागी आलेल्या निद्रेत यंत्र औपचारिकदृष्ट्या जागेच असते. प्रोसेसर केवळ खोल विसावतो, आणि एखादा उपकरणभाग जागा राहिला तर तेवढाही विसावत नाही. पिशवीत तापलेला लॅपटॉप ही आता विंडोज वापरणाऱ्यांचीही तक्रार आहे, म्हणजे अभिप्रेत वाचकही सुखी नाही. लिनक्सवर कर्नेलच्या एका छोट्या फायलीत ‘एस२आयडल’ आणि ‘डीप’ हे शब्द दिसतात, आणि निवडलेल्या शब्दाभोवती चौकोनी कंस असतो. ‘डीप’ मुळात दिसतच नसेल, तर फर्मवेअरने एस३ देऊ केलेली नाही असे समजावे.

२०१८ साली लेनोवोने थिंकपॅड एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीसाठी फर्मवेअरची सुधारित आवृत्ती दिली. तिच्या सेटिंगमध्ये निद्रेसाठी दोन पर्याय होते, आणि त्यांची नावे होती ‘विंडोज १०’ व ‘लिनक्स’. दुसरा निवडला की एस३ मिळे. संहितेने दुसऱ्या वाचकाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारल्याचे हे दुर्मिळ उदाहरण.