घाईची मैफल

लोणावळ्याहून लोकल पकडून पुण्याला व्हायोलिन ऐकायला निघावे, तर गाडीत हटकून एक प्रश्न कानी येतो, "काय हो, जलद वाजवतात का?" कामशेत जाते, तळेगाव जाते, वादक कोणता राग वाजवणार, याची चौकशी कोणी करीत नाही. आमच्या मावळातल्या गणेशोत्सवांत तरी निराळे काय घडते? विलंबिताची दोन आवर्तने झाली नाहीत तोच मंडपात चुळबुळ सुरू, आणि झाला लागला की टाळ्यांचा पाऊस! मग पुढल्या वर्षी वादक विलंबित घरी ठेवून येतो. त्याचा दोष नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक, तोच माल तो आणणार.

या मंडळींचा एक ठरावीक युक्तिवाद आहे. व्हायोलिन हे साहेबाचे वाद्य, ते वेगासाठीच घडले; संथ वाजवले की रडगाणे होते, आणि सणासुदीला रडगाणे कशाला? गजाननराव जोशी किंवा डी. के. दातार यांचे गायकी अंगाचे वादन ज्याने ऐकले, तो हे बोलायला धजणार नाही. पण साहेबाचाच दाखला हवा असेल तर तोही घ्या.

मोझार्टने १७७८ साली व्हायोलिन आणि पियानोसाठी ई मायनरमध्ये एक सोनाटा रचला. त्याचे भाग दोनच. दुसऱ्या भागाच्या माथ्यावर लयीची सूचना एवढीच, की मिन्युएटच्या चालीने वाजवा. मिन्युएट म्हणजे तीन मात्रांचा दरबारी नाच. नाचाची चाल, आणि स्वर मात्र उदास! आरंभी पियानो एकटाच बोलतो, मागून व्हायोलिन तीच गोष्ट आपल्या गळ्याने सांगते. मधेच रचना मेजरमध्ये जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर सा तोच, कोमल गंधार तेवढा शुद्ध होतो, त्याच्याबरोबर आणखी एकदोन स्वर. लयीची नवी सूचना कुठेही नाही. तरीही बंद खोलीची खिडकी उघडावी तसे वाटते. थोड्याच वेळात ती पुन्हा मिटते. त्याच वर्षी पॅरिसात मोझार्टची आई वारली, म्हणून हे दुःख तिचेच, असे सांगणारे भेटतात. मला तो आधार लागत नाही, गंधार पुरतो.

आता सांगा, इथे आनंद वेगाने आणला काय?

आपल्याकडे तर हे शिकवायलाही नको. पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच : रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. पूरिया मंद्रात रमतो, सोहनी तारसप्तकात बागडते. सोहनीला चपळ चाल शोभते. पूरियाला तीच चाल घाईघाईने चढवली, तर आजोबांना परकर नेसवल्यासारखे होते. लय ही रागाच्या स्वभावातून निघते, श्रोत्यांच्या घड्याळातून नव्हे. कर्जतहून घाट चढताना पुष्कळ गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात, आणि गाडी संथ चालते. ती रडते आहे, असे आजवर कोणी म्हटलेले नाही!

मंडळांच्या चिटणिसांना माझे सांगणे थोडे आहे. पुढच्या गणपतीत व्हायोलिनवादकाला अर्धा तास विलंबित वाजवू द्यावे. "आता काहीतरी झटपट होऊ द्या" अशी चिठ्ठी रंगमंचावर पाठवू नये. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांच्यासाठी मंडपाबाहेर भज्यांची गाडी असतेच.