पहिलीच्या वर्गातले चित्र

नंदुरबार जिल्ह्यात पहिली-दुसरीची मुले वर्गात चित्रे काढत बसलेली दिसली की एक ठरलेला शेरा ऐकू येतो : ‘अजून अक्षरओळख नाही आणि चित्रे कसली काढता?’ शेरा मारणाऱ्याच्या मनात आकस नसतो. 2011च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता 64.4 टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. 2021 साली निपुण भारत अभियान सुरू झाले आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, असे उद्दिष्ट ठरले. अशा ठिकाणी वेळ दवडणे परवडत नाही, ही काळजी खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि तो धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या मुलांना सर्वांत महाग पडतो.

पूर्वपक्ष असा : चित्र हा खेळ, अक्षर हे शिक्षण. आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द. चित्रकलेचा तास आठवड्यातून एकदा आहेच. पण ‘ग’ पन्नास वेळा गिरवल्याने हाताला वळण लागते, त्यापलीकडे काय होते? आपण बोललेले कागदावर ठेवता येते आणि उद्या तेच परत काढता येते, ही लेखनाच्या मुळाशी असलेली गोष्ट गिरवून उमगत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगोत्स्की यांनी लेखनाची सुरुवात हावभाव, खेळ आणि चित्र यांत दाखवली. वस्तूचे चित्र काढणाऱ्या मुलाला एका टप्प्यावर शोध लागतो की बोलण्याचेही चित्र काढता येते, असे त्यांनी म्हटले. शहरातले मूल दुकानांच्या पाट्या, पुड्यांवरची नावे, घरातले वर्तमानपत्र पाहत या शोधाच्या उंबरठ्यावर येऊनच शाळेत दाखल होते. सातपुड्यातल्या पाड्यावर छापील मजकूर फारसा भेटत नाही. तिथे हा उंबरठा शाळेलाच बांधावा लागतो.

दुसरी गोष्ट भाषेची. जिल्ह्यातले सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. त्यांच्या घरात पावरी, भिलोरी, मावची, देहवाली अशा बोली आणि हातात पहिल्या दिवसापासून मराठी पुस्तक. महिनोन्‌महिने तोंड न उघडणारे मूल मग ‘कच्चे’ ठरते. त्याच मुलाला कागद आणि रंगीत खडू देऊन पाहावे.

काठी गावची होळी झाल्यानंतरच्या आठवड्यातले पहिलीतल्या एका मुलीचे पान मी पाहिले आहे. मधोमध उंच दांडा. भोवती माणसे, कोणाच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप, कोणाच्या अंगभर ठिपके. एका कोपऱ्यात मोठा गोल. गुरुजींनी विचारले तेव्हा ती आपल्या बोलीत थांबेचना : ठिपकेवाला तिचा काका आहे, रात्रभर नाचला, सकाळी त्याचे पाय सुजले होते. गुरुजींनी तिची दोन वाक्ये तिच्याच शब्दांत, देवनागरीत चित्राखाली लिहिली आणि बोट ठेवून वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी तिने ती स्वतः वाचली, थोडी पाठ म्हणून, थोडी अक्षरांकडे पाहून. चारेक दिवसांनी त्या मोठ्या गोलाशेजारी तिने आपणहून लिहिले : ‘ढल’.

मात्रा नाही म्हणून ज्यांना ही चूक दिसते, त्यांनी पुन्हा पाहावे. ‘ढोल’मधले दोन्ही व्यंजनध्वनी तिने वेगळे ऐकले, त्यांची अक्षरे आठवून ओळीने मांडली, आणि हे सगळे कोणी न सांगता, कारण तिला काही सांगायचे होते. ‘ओ’ची मात्रा शिकवायला याहून चांगली वेळ कुठली?

इथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. अक्षरे आणि त्यांचे ध्वनी रीतसर शिकवावेच लागतात. चित्रे काढत राहिल्याने मूल आपोआप वाचू लागेल, असे कोणी म्हणत असेल तर तेही मला मान्य नाही. आणि ‘आदिवासींच्या रक्तातच कला असते’ हे चित्राच्या बाजूने होणारे कौतुक तर मुळीच मान्य नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली ती आयुष्यभराच्या साधनेमुळे. पावरा मुलाने चित्र काढायचे ते त्याला काही सांगायचे असते म्हणून. रक्ताच्या गोष्टी करून आपण त्याला स्नेहसंमेलनाची भिंत रंगवायला लावतो आणि पुस्तकापासून दूर ठेवतो.

उलट, बहुतेक वर्गांत जे ‘चित्र काढा’ चालते त्यावर माझा आक्षेप आहे. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी. फळ्यावरचे वहीत उतरवायचे. ज्या मुलाच्या दारात खरा डोंगर आहे त्याच्याकडूनही हेच त्रिकोण काढून घेतात. ही अक्षरे गिरवण्याचीच दुसरी तऱ्हा झाली. मूल यात काही सांगत नाही.

पालकांचा आक्षेप वेगळा आणि आदरणीय आहे. ऊसतोडीला गुजरातेत जाणारा बाप म्हणतो, ‘पोराला शिकायला पाठवले, चित्रे काढायला नाही.’ त्याला उत्तर तोंडी देऊ नये. पोराची वही त्याच्यासमोर उघडावी आणि चित्राखालच्या ओळी पोरानेच वाचून दाखवाव्यात.

यात नवलाईचे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांचे शिक्षण त्यांच्या परिसरातूनच उभे केले. याच जिल्ह्यात 1990च्या दशकापासून नर्मदा बचाव आंदोलनाच्या नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी पावरी-भिलोरीला वर्गात मानाची जागा दिली. 2022च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही चित्र आणि घरची भाषा दोन्ही आहेत. कमी आहे ती अंमलबजावणीत. अध्ययनस्तर तपासताना अक्षर, शब्द, परिच्छेद यांचे रकाने भरले जातात, मुलाने स्वतःहून काय लिहिले हे विचारणारा रकाना नसतो. शाळासमूहाच्या केंद्रावर होणाऱ्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाने एका मुलाची तीन महिन्यांची चित्रवही आणावी आणि तिच्यावर तासभर बोलणे व्हावे. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या, पावरी न येणाऱ्या शिक्षकाने ती आधी आणावी. चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारत गेले की मुलांकडूनच त्याला बोली शिकायला मिळेल.