अर्धा कोयता

शनिवार-रविवार हा मुळातला आपला सण नव्हे. आपल्याकडे तिथी होती, नक्षत्र होते, आणि सगळ्या वारांत खरा मानाचा वार म्हणजे बाजाराचा. तो गावागणिक बदलायचा. एका गावाचा सोमवार, तर दुसऱ्याचा गुरुवार. आमच्या बीड जिल्ह्यात उधारीचे वायदे, सोयरिकीची बोलणी आणि लेकीला माहेरचा निरोप अजूनही 'येत्या बाजारी' या दोन शब्दांवर चालतात. पण २०२० साली राज्य सरकारने आपल्या कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा केला, आणि शनिवार-रविवार नावाच्या जोडदेवाची उपासना घरोघर सुरू झाली.

आमचे धाकटे मेहुणे या देवाचे निस्सीम भक्त आहेत. पुण्याला सरकारी नोकरी, दोघेच नवराबायको. शुक्रवारची संध्याकाळ झाली की पिशवी भरायची आणि निघायचे. महाबळेश्वर झाले, गणपतीपुळे झाले, अलिबाग दोनदा झाले. अखेर २०२५ च्या दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी रात्री हा देव आमच्या दारात उभा राहिला.

"दाजी," हातपाय धुता धुताच मेहुण्यांनी विचारले, "तुमच्या बीडला पाहण्यासारखं काय आहे हो?"

या प्रश्नात 'काही नसणारच' हे उत्तर आधीच दडलेले असते. मी मराठीचा मास्तर. लगेच अंबाजोगाईचा मुकुंदराज काढला, दासोपंत काढले, परळीचा वैजनाथ काढला. मेहुण्यांनी जांभई दिली. सौभाग्यवती म्हणाल्या, "त्याला वर्ग समजू नका. उद्या सकाळी बोला."

शनिवारी सकाळी मी त्यांना कंकालेश्वराला नेले. पाण्याच्या मधोमध उभे असलेले ते जुने दगडी देऊळ पाहून मेहुण्यांचा आवाज जरा खाली आला. दुपारी शहराबाहेर खजाना बावडी पाहिली. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमदानीत सलाबतखानाने बांधलेली ही विहीर. विहिरीत दोन भुयारांतून पाणी येते आणि तिसऱ्यातून ते बाहेर, खालच्या शिवाराला जाते. मोट नाही, रहाट नाही, पाणी आपल्या उतारानेच चालते. मेहुणे काठावरून वाकून म्हणाले, "म्हणजे येतं तेवढं जातं!" विहिरीचे इतके नेमके वर्णन मला कधी सुचले नव्हते.

संध्याकाळी रेल्वे पाहायला गेलो. हसू नका. बीडला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे तिला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. ज्यांच्या आजोबांनी रेल्वेच्या मागणीसाठी सभा ऐकल्या, ती नातवंडे स्टेशनात उभी राहून रूळ पाहत होती. गाडी नसली तरी चालेल, रूळ तरी आहेत! एक म्हातारी रुळाकडे पाहून हात जोडत होती. पुणेकर मेहुण्यांनी तिचा फोटो काढण्यासाठी फोन वर केला आणि का कोण जाणे, पुन्हा खिशात ठेवला. मला ते आवडले.

रात्री आमच्या आळीची कोजागिरी होती. खरी कोजागिरी सोमवारी, पण सोमवारी कोणाला जागता येणार? तेव्हा आळीच्या ठरावाने ती शनिवारीच उरकली. आभाळात चंद्र दोन दिवस कच्चा, खाली पातेल्यात दूध मात्र पक्के आटलेले. घरटी वर्गणी, कोणाकडून चारोळी, कोणाकडून केशर. साखर किती घालावी यावर शेजारच्या काकू आणि आमच्या सौभाग्यवती यांच्यात थोडे मतभेद झाले, आणि दोघींनीही आपापल्या मताप्रमाणे साखर घातली. मेहुण्यांनी तीन पेले रिचवले आणि तृप्त होऊन म्हणाले, "दाजी, दूध, चांदणं, गप्पा. अगदी दुधात साखर!"

रविवारी नेकनूरचा बाजार. तो दाखवायचा हे मी मनाशी योजूनच ठेवले होते. सकाळी एसटीने मांजरसुंब्याचा घाट चढलो. बालाघाटाच्या या डोंगरांत सीताफळ माजते. बीडच्या सीताफळाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, पण घाटात पाटी घेऊन बसलेल्या बाईला त्याचे काही अप्रूप नव्हते. तिने फळाचे डोळे दाखवले. "ह्ये उघडलेत, ह्ये आज खावा. ह्ये झाकलेत, ह्ये पुन्याला न्या." मानांकन याहून निराळे काय असते? मांजरसुंब्याला उतरून चहा घेतला, रबडी खाल्ली, आणि दुसऱ्या गाडीने नेकनूर गाठले.

दसरा ते दिवाळी या काळातला आमच्याकडचा बाजार ज्याने पाहिला नाही, त्याला मी नुसते सांगून काय कळणार! एका अंगाला जनावरे. खांद्यावर उपरणे टाकून, उपरण्याखाली बोटे धरून सौदे चाललेले. दुसऱ्या अंगाला कढया. भजी तळून निघत आहेत, जिलेबी पाकात पडते आहे, गुळाच्या पाकातली गोडीशेव ढिगाने रचली आहे. कासाराच्या पालापुढे बायकांची रांग. पत्र्याच्या पेट्या, ताडपत्र्या, प्लॅस्टिकचे हंडे, बॅटऱ्या, गोधड्यांना लागणारे जुने लुगडे, सगळ्यांचे विक्रेते घसा फोडून ओरडत होते.

"काय हो ही गर्दी!" मेहुणे हरखून गेले. "एवढी खरेदी? आणि तुम्ही म्हणता सप्टेंबरच्या पावसानं पिकं गेली."

प्रश्न बिनतोड होता. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस असा कोसळला की सोयाबीन उभ्या उभ्या कुजले, कापसाची बोंडे काळी पडली, कुठे कुठे जमिनीची मातीच वाहून गेली. मग हा पैसा कुठला? मी उत्तर देणार, एवढ्यात मेहुण्यांचे लक्ष लोहाराच्या पालाकडे गेले. भाता फुरफुरत होता, आणि पोत्यावर नव्या कोयत्यांची चळत चमकत होती.

मेहुण्यांना नारळ फोडायला एक कोयता हवाच होता. त्यांनी तो हातात धरला, धारेवरून अंगठा फिरवला, आणि जाणकाराचा आव आणून किंमत विचारली. लोहाराने त्यांच्या पायांतल्या बुटांपासून डोळ्यांवरच्या काळ्या चष्म्यापर्यंत एकदा पाहून घेतले.

"येकच? जोडीनं न्हाई जायचं व्हय?"

"कुठं?"

"कारखान्याला!" आजूबाजूची माणसे हसू लागली. "येकटं जायचं म्हंजी अर्धाच कोयता झाला की सायेब!"

मेहुणेही हसले. त्यांना वाटले, खेडवळ विनोद आहे. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, की हा विनोद नव्हे, ही मोजणी आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. मुकादम वहीत माणसे लिहीत नाही, कोयते लिहितो. हंगामाच्या आधी तो जोडीला आगाऊ रक्कम देतो, तिचे नाव 'उचल'. पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही ती जाते. हा जो बाजार फुललेला दिसतो, त्यातला फार मोठा वाटा उचलीचा. पीक गेले तरी उचल येते, किंबहुना पीक गेले की ती घ्यावीच लागते. मग त्याच पैशातून किराण्याची जुनी बाकी फिटते, लेकराला कपडे होतात, चार महिने खोपीवर अंथरायची ताडपत्री होते, हा कोयता होतो, आणि उरलेच तर पावशेर जिलेबी.

मेहुणे हिशेबी खात्यातले. त्यांनी लगेच विचारले, "आणि फिटते कशी?"

"ऊस तोडून. टनामागे साडेतीनशे-पावणेचारशे रुपये. लाखाची उचल असेल तर मांडा."

त्यांनी मनातल्या मनात मांडले. पावणेतीनशे टनांच्या आसपास. जोडीने दिवसाला दोन टन तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत भरला, तर सगळे मिळून साडेचार महिने. तेव्हा कुठे वही कोरी होते. मेहुणे काही बोलले नाहीत. भज्यांचा पुडा त्यांच्या हातात तसाच राहिला.

मलाही त्या क्षणी खजाना बावडी आठवली. येते तेवढे जाते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, तुम्ही इकडं कसं काय?"

वळून पाहिले तर माझी विद्यार्थिनी. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, मराठीच्या वर्गात पुढून दुसऱ्या बाकावर बसणारी. मनगटभर हिरवा चुडा. उन्हाळ्यात तिचे लग्न झाले, हे मला माहीत होते. जूनमध्ये ती वर्गात पेढे घेऊन आली होती. शेजारी तिचा नवरा उभा, संकोचलेला, काखेत निळी ताडपत्री. ताडपत्री पाहिली आणि मी समजलो. तरीही विचारले.

"निघालात?"

"भाऊबीज झाली की. पहिला दिवाळसण हाय ना सर, आई म्हणली तेवढा करून जावा."

"आणि परीक्षा?"

तिने नवऱ्याकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "सर, तिला ठेवून म्या येकटाच जाणार हुतो. पन अर्ध्या कोयत्याला उचल देत न्हाईत. आन् दिली तरी निम्मी. घरचं रान वाहून गेलं."

मी वीस वर्षे मुलांना अलंकार शिकवतो आहे. उपमा, रूपक, व्यतिरेक. एका हत्याराच्या नावात दोन जिवंत माणसे बसवली आणि त्यातले एक वजा केले की अर्धे उरते, या शब्दाला कोणता अलंकार म्हणावा, ते मला त्या बाजारात सुचले नाही. मी एवढेच म्हणालो, "फॉर्म भरलाय ना? वेळापत्रक आलं की मी तुला फोनवर कळवतो. येऊन पेपर दे."

"खाडा पडतो सर. खाड्याचे पैसे मुकादम कापतो."

"किती पडतो ते पाहू."

हे मी म्हणालो खरे. पण 'पाहू' म्हणणाऱ्याला महिन्याचा पगार असतो, त्याला खाडा पडत नाही, हे मला बोलता बोलताच उमगले. कासाराने तेवढ्यात हाक मारली. तिने आणखी अर्धा डझन बांगड्या भरून घेतल्या. कासाराने वर दोन घातल्या आणि म्हणाला, "उसात फुटतात पोरी, जास्तीच्या असू दे." मला वाटते त्या दिवशीच्या बाजारात मोल न घेता दिलेली तेवढीच एक वस्तू होती.

परतताना मेहुणे खिडकीशी बसले होते. मांजरसुंब्याचा घाट उतरताना म्हणाले, "दाजी, हे सगळे गेल्यावर इथं बाजार कसा भरतो?"

"भरतो. निम्मा. म्हातारी माणसं येतात, मीठमिरची नेतात. लोहाराचा भाता थंड असतो. पोरं काही हंगामी वसतिगृहात, काही आजीजवळ, काही आईबापांबरोबर फडात. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळे परततात, तेव्हा पुन्हा भरेल."

रविवारी रात्रीच्या गाडीने मेहुणे गेले. सीताफळे नेली, झाकल्या डोळ्यांची. कोयता मात्र आमच्याकडेच विसरले. विसरले की ठेवून गेले, ते मी विचारलेले नाही.

परीक्षेचे वेळापत्रक आले तेव्हा मी फोन केला. ती आली. कोल्हापूरकडच्या एका फडातून रात्रभर गाड्या बदलत आली, दोन पेपर दिले, आणि त्याच संध्याकाळी परत निघाली. उरलेले दोन पेपर आठवडाभर पुढे होते, त्यांना काही येता आले नाही. पेपर झाल्यावर स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते आणि हिरव्या बांगड्या बऱ्याच कमी झाल्या होत्या. मी तिच्यासाठी चहा मागवला. आमच्या कॅन्टीनचा चहा फार गोड असतो. तिने पहिला घोट घेतला आणि हसून म्हणाली, "सर, साखर लई झाली."

"खाडा किती पडला?" मी विचारले.

"दोन दिवसांचा. मुकादम कापाय निघाला होता. पण ह्यांनी दोन दिवस एकट्यानं तोडून, एकट्यानं मोळ्या वाहून गाडी भरली." आणि मग थोडी थांबून, मला आवडेल असे काही सांगावे तशी म्हणाली, "सर, अर्ध्या कोयत्यानं पुरा ऊस तोडला."

तिचे राहिलेले पेपर पुढच्या परीक्षेला. मेहुण्यांचा कोयता आमच्या स्वयंपाकघरात आहे. ओल्या नारळाच्या करंज्या करायच्या म्हणून परवा सौभाग्यवतींनी तो काढला. एका घावात नारळ फुटला. धार चांगली आहे.